विसाव्याची जागा

गाडी बोलावलीत तर मी तिच्या चाकापुढे आडवी पडेन, असं मी कृष्णकांत भावजींना सांगितलं. माझे धाकटे दीर. पडवीत उभे राहून, महापालिकेची मयताची गाडी कधी येईल ते फोनवर विचारत होते. त्यांनी फोन खाली घेतला. साठी आली तरी मला घाबरतात. घाबरलेलं बरं असतं.

आमचे हे ओटीवर निजवलेले होते. सकाळी चहा पिताना कप कलंडला, एवढंच झालं. मी आतून म्हटलं, नीट धरा, लादी पुसायला काय तुमची बहीण येणार आहे का. उत्तर आलं नाही. तसं ते एरवीही येत नसे, म्हणून मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मग बाहेर आले.

मला रडू आलं नाही. बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि मीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. एका कुशीवर निजलं की हात बधिर होतो, आपलाच हात दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. एक गोष्ट तेवढी डोक्यात होती. यांना चालत न्यायचं आणि विसाव्यावर उतरवायचं.

भावजींचं म्हणणं पडलं की विसावा आता राहिलाय कुठे. रस्ता नवा झाल्यापासून गावात दोन मयतं झाली, दोन्ही गाडीतून गेली, कुणाचं काही अडलं नाही. मी म्हटलं, ती दोघं दवाखान्यात गेली, तिथूनच गाडीत घातली. हे घरात गेले, स्वतःच्या ओटीवर. घरात गेलेला माणूस चार खांद्यांवरच जाणार. आणि अर्ध्या गावाला या माणसाने खांदा दिलाय, त्याची परतफेड तुम्ही डिझेलवर करणार का? भावजी बांबू आणायला निघून गेले.

आमच्या गावचा विसावा मोठ्या चिंचेखाली होता. विसावा म्हणजे दगडी ओटा, दुसरं काही नाही. मयत घरून निघालं की नदीवर पोचायच्या आधी एकदा तिथे उतरवायचं. भाकरीचा तुकडा ठेवायचा. पुढचे खांदे मागे जायचे, मागचे पुढे यायचे. आणि आमच्यात बाईमाणूस विसाव्यापर्यंतच जातं. तिथे नवऱ्याचं तोंड शेवटचं बघायचं, पाया पडायचं आणि माघारी फिरायचं. पुढचं सगळं पुरुषांचं. माझ्या सासूने सासऱ्यांना त्या ओट्यावर सोडलं, सासूला मी सोडलं. तेव्हा दोन्ही अंगांना भातशेती होती. मग शेतं गेली, इमारती आल्या, आणि आमचं गाव नवीन पनवेल आणि सुकापूरच्या मध्ये बिळातल्या चिंबोरीसारखं दडून राहिलं. ओटा मात्र होता.

तो ओटा माझ्या पोराने घालवला, असं गाव म्हणतं. मीही म्हणायचे.

माझा निकेश कन्सल्टंटकडे कामाला आहे. रस्ता बांधणारा वेगळा, पैसा देणारा वेगळा, आणि रस्ता कसा असावा ते कागदावर काढून देणारा तो कन्सल्टंट. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला हे कळायला वेळ लागला. डिप्लोमा झाल्यापासून निकेश लोकांचे रस्ते बघत फिरतो. गाड्या कुठे अडतात, माणसं रस्ता कुठून ओलांडतात, रिक्षा कुठे उभ्या राहतात. चौकात छत्री लावून पोरं बसवायची आणि येणारं-जाणारं सगळं टिपून घ्यायचं. रात्री जेवताना बापाला सांगायचा, आज अमक्या ठिकाणी म्हाताऱ्यांसाठी फुटपाथला उतार काढून दिला. हे मान हलवायचे. मिठागरात जन्म गेलेला माणूस, तोंडातले शब्दही वाळून गेले होते. पण मान हलवायचे त्यात कौतुक असायचं, ते मला दिसायचं.

मग आमच्याच रस्त्याचं काम त्याच्या कंपनीकडे आलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, विसाव्याचं काय. त्याने त्याच्या मॅडमना विचारलं होतं. प्राची मॅडम वाईट बाई नव्हे. आमच्या घरी कोलंबीचं कालवण जेवून गेली, ताट धुवायलाही उठली. तिने निकेशला एवढंच विचारलं होतं की ही जागा वापरात कधी असते. निकेशला सांगता येईना. त्याची पोरं ज्या दिवसांत छत्रीखाली बसली होती, त्या दिवसांत गावात कुणी मेलंच नव्हतं. कामाची रीत तशीच असते, तो म्हणाला. जे दिसलं ते धरायचं.

"मरनारा काय तारीख देऊन मरतो?" मी म्हटलं.

निकेशने हातातला घास ताटात ठेवला. मग हळूहळू बोलला. रस्त्यावर तीन दवाखाने, एक बँक, गाड्या लावायला जागा नाही, म्हणून गाड्या कुठेही उभ्या राहतात आणि शाळेची पोरं त्यांच्यामधून चालतात. मागच्या वर्षी एका पोराच्या पायावरून टेम्पो गेला. फुटपाथ सरळ काढायचा तर ओटा मध्ये येतो. त्याचंही खोटं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं म्हणून मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

तेव्हा हे बोलले. त्या महिन्यातलं ते त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य असेल.

"नको बोलूस पोराला. आपल्याला काय रोज मरायचाय?"

सून कोमल हसली, निकेश हसला, मलाही हसू आलं. ओटा गेला. चिंच राहिली, ती निकेशने भांडून राखली, तिच्याभोवती गोल आळं करून दिलं. ओट्याच्या जागी गाड्या लावायच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या. त्यानंतर मी त्याला एक दिवस सुखाने जेवू दिलं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी माझं सुरू व्हायचं, सांग रे साहेबा, तुझ्या बापाला कुठल्या पट्टीत ठेवू. तो कधी उलट बोलला नाही.

आज बाप तयार होता. तिरडी बांधून झाली. निकेशच्या हातात आगीचं मडकं दिलं. सकाळपासून तो भावजी सांगतील ते करत होता. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि कुठे उतरवणार म्हणून विचारलं.

"तिथंच, आये," तो म्हणाला.

तिरडी फुटपाथवर मावत नाही, चार खांद्यांना जागा लागते. पुरुष रस्त्यावरून निघाले, आम्ही बाया मागून फुटपाथवरून. अनवाणी होतो, पण पायाला काही टोचत नव्हतं. मयतामागे बाया न ठेचकाळता चालल्यात हे मी पहिल्यांदा पाहिलं. भावजींची बायको शकू माझ्या शेजारी होती. वाट बरी केलीय पोराने, ती रडता रडता म्हणाली.

चिंचेपाशी पोचलो तर सगळ्या पट्ट्या भरलेल्या. ओटा होता नेमक्या त्या जागी लाल मोटार. मागच्या काचेला कार्टूनचा पडदा, आत पोराची खुर्ची. तिरडी थांबली. मागे बस थांबली, बसमागे रिक्षा, टेम्पो. हॉर्न सुरू झाले.

भावजी निकेशच्या कानाशी लागले. पुलापाशी मोकळी जागा आहे, तिथे उतरवू, देवाला सगळी जागा सारखीच. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने मुद्दाम बोलत होते. मी पुढे होऊन काही बोलणार होते, पण तोंड उघडेना. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाने मला दगा दिला.

तेवढ्यात गाड्या लावून देणारा माणूस शिट्टी वाजवत धावत आला. जगन, आमच्या शेजारच्या गावचा. गाड्या कशा लावून घ्यायच्या ते निकेशनेच त्याला शिकवलेलं. तिरडीपुढे निकेशला बघून त्याच्या तोंडातली शिट्टी पडली, दोरीला लोंबत राहिली.

"साहेब, गाडीवाली बाय वर दाताच्या डाक्टरकडं हाय. मी आनतो तिला. तवर तुमी जरा पुढं व्हा, पार नाक्यापातूर लाइन लागंल."

"लागू दे," निकेश म्हणाला.

त्याने खांदेकऱ्यांना खूण केली आणि लाल मोटारीच्या मागे, भर रस्त्यात बापाला उतरवलं. स्वतः बसच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला, हातात धुमसणारं मडकं. गाड्या अडू नयेत म्हणूनच ज्याला पगार मिळतो, तो रस्ता अडवून उभा होता आणि बसवाल्याकडे बघतही नव्हता. बसवाल्याने इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न एकेक करून थांबले. एक मोटारसायकलवाला शिव्या देत पुढे आला, त्याने तिरडी बघितली, हेल्मेट काढलं आणि तसाच उभा राहिला.

भाकरीचा तुकडा ठेवला. पुढचे खांदे मागे गेले. भावजींनी मला हाताने बोलावलं.

मी वाकले. चेहऱ्यावर चंदन लावलं होतं, त्याने हे उगाच देवळातल्या देवासारखे दिसत होते. तोंडात तुळस. जन्मभर गप्प राहिलेल्या माणसाचं तोंड बंद केलेलं बघून काय वाटायचं? काही वाटलं नाही. पाय धरले. टाचांच्या भेगा तशाच होत्या, मिठाने कापलेल्या, पन्नास वर्षं तेल लावूनही मिटल्या नाहीत त्या.

शकूने माझा हात धरला, बांगड्या फोडायला. पूर्वी ओट्याच्या कडेवर फोडायच्या. मी तिचा हात बाजूला केला. फुटपाथची कड होती, तिच्यावर मीच हात आपटला, आधी डावा मग उजवा. काचा पट्टीत पडल्या, लाल मोटारीच्या चाकापाशी.

मग भावजी निकेशला म्हणाले, खडा उचल. नदीवर पाण्याचं मडकं फोडायला विसाव्यावरचा खडा लागतो, ज्याने आग धरली त्यानेच तो उचलायचा. निकेश इकडे तिकडे बघायला लागला. सगळीकडे नव्या लाद्या, घट्ट बसवलेल्या. अख्ख्या रस्त्यावर एक सुटा दगड नाही. माणसं पायाने चाचपत फिरली. शेवटी निकेश चिंचेच्या आळ्यापाशी गुडघ्यावर बसला. एका हातात मडकं, दुसऱ्या हाताने माती उकरली. नखं काळी झाली. बोराएवढा खडा निघाला. तो त्याने सदऱ्याला पुसला आणि माझ्याकडे बघितलं, चालेल का म्हणून. मी मान हलवली. ती यांच्यासारखी हलली असावी, कारण निकेशचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा रडवेला झाला. त्याने लगेच पाठ फिरवली.

त्यांनी यांना उचललं. बसने इंजिन सुरू केलं, पण हॉर्न दिला नाही, वळणापर्यंत त्यांच्या मागून हळूहळू चालत राहिली. तिच्याआड मला काही दिसलं नाही.

बाया माघारी फिरल्या. फिरल्यावर मागे बघायचं नसतं. मी बघत होते.

जगन त्या गाडीवाल्या बाईला घेऊन आला. तरुण मुलगी, कडेवर पोर, एक गाल सुजलेला. जगनने तिला जिन्यात सांगितलं असावं. तिने हात जोडले. सुजल्या तोंडाने म्हणाली, मावशी, मला खरंच माहीत नव्हतं.

"तुला कसं म्हाईत असनार? तिथं पाटी लावलेली नव्हती. पोराला आधी नीट बसव."

तिने गाडी काढली. जागा रिकामी झाली. ओट्यापेक्षा थोडी मोठीच होती. मला वाटलं होतं की जागा मोकळी दिसली की काहीतरी होईल, निदान पाणी येईल डोळ्यांना. पांढऱ्या पट्ट्या होत्या, तेलाचा एक डाग होता, आणि माझ्या काचा होत्या, हिरव्या.

एक पांढरी मोटार रस्त्यावर थांबली. दिवा उघडझाप करत होता, तिला आत यायचं होतं. म्हातारे गृहस्थ होते चालवायला, शेजारी बायको.

शकूने माझा पदर ओढला. चल म्हणाली, इथे उभं राहायचं नसतं. मी पट्टीत खाली बसले आणि काचा वेचायला लागले.

"बाय, त्या उचलायच्या नसतात," शकू घाबरून म्हणाली.

"कुनाच्या टायरात माझ्या काचा नकोत."

मोठ्या आधी वेचल्या, मग बारीक. लाद्यांच्या फटीत गेलेल्या नखाने काढल्या. पदराच्या टोकाला बांधल्या. मोटारीचा दिवा उघडझाप करत राहिला. म्हाताऱ्याने हॉर्न वाजवला नाही.

सगळ्या निघाल्याची हाताने चाचपून खात्री केली. मग मी फुटपाथवर चढले आणि त्याला हात केला, ये.