बिननावाचं झबलं

दिपाली मॅडमनी चिठ्ठीचा कान मोडला तो पुण्य म्हणून. तासाभरात त्यांना वाटायला लागलं, त्यापेक्षा आपलं बोट मशीनच्या सुईखाली गेलं असतं तरी परवडलं असतं.

झालं असं, की शिवणाच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पोरींनी चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जो कपडा निघेल तो वेळेत बेतून, शिवून द्यायचा. कुणाला सलवार, कुणाला परकर, कुणाला बाबासूट. सगळ्यांत सोपं झबलं. ना चुण्या, ना नाडी, ना काज. आणि अस्माला सातवा महिना होता. म्हणून मॅडमनी झबल्याच्या चिठ्ठीचा कान मोडला आणि अस्माजवळून जाताजाता पुटपुटल्या, "मोडलेली उचल."

अस्माने गुणी पोरीसारखी तीच उचलली. उघडली. आणि कात्री हातात धरून जी बसली ती बसलीच.

या परीक्षेचं एक वेगळंच होतं. मॅडमच्या आईच्या वेळी या विषयाला गृहशास्त्र म्हणायचे. मुलीला चांगलं घर मिळावं म्हणून शिकवायचे. मॅडम शिकल्या तेव्हा त्याचं गृहविज्ञान झालं होतं. वरणात प्रथिनं किती ते लिहायचं, वरण मात्र घरी आईनेच करायचं. पुढे त्याला व्यवसाय शिक्षण म्हणू लागले, मग कौशल्य. दर वेळी बोर्ड रंगवणाऱ्याला तेवढं काम मिळायचं. आत मशिनी त्याच, आणि त्यांची टकटकही तीच. आता जूनपासून कॉम्प्युटरवरची फॅशन येणार होती. जुन्या कोर्सची ही शेवटची तुकडी. यात जी नापास होईल तिला पुन्हा परीक्षा नाही.

आणि खांडबाऱ्याला बायकांच्या शिवण केंद्रात शिकवायची जागा अस्मासाठी अडवून ठेवली होती. एका प्रमाणपत्रासाठी. अकरावीत लग्न झालं म्हणून शाळा सुटलेली ही पोरगी, नवऱ्याच्या रिक्षात बसून पुन्हा शाळेत आली होती.

"काय गं? बेत ना," मॅडम जवळ जाऊन म्हणाल्या.

"मॅडम, झबलं आलं."

"मग? सोपंच तर आहे."

अस्माने खिडकीकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात तिची सासू आयशाबी तस्बीहचे मणी ओढत बसली होती. सातवा लागल्यापासून ती सुनेला एकटी सोडत नव्हती. "अम्मी नको म्हणतील. आणि मॅडम, अम्मींचं जाऊ द्या. मलाच भीती वाटते."

तेव्हा कुठे मॅडमच्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी अस्माचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्याच्या आधी शेजारणीने हौसेने टोपडं-मोजे आणून दिले होते. नवे कोरे. पोटात जीव असताना नवं कापड घरात आणू नये, हे काय मॅडमना माहीत नव्हतं? त्यांचा मुलगा अमृत झाला तेव्हा पाचवी पुजेपर्यंत त्यांच्या आईने घरात सुईत दोरासुद्धा ओवू दिला नव्हता. आणि मॅडमनीही तो नेम निमूट पाळला होता. पण वीस वर्षं झबलं शिकवून शिकवून त्यांच्या लेखी झबल्यात बाळ उरलंच नव्हतं. उरला होता नुसता घटक चौथा.

बाहेरच्या परीक्षक म्हणून जमनाबाई आल्या होत्या. तापीकाठच्या गावातल्या, गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मॅडम तोंडात टाचणी धरून, म्हणजे अर्ध्याच तोंडाने, त्यांना सगळं सांगायला गेल्या. "बाई, चिठ्ठी बदलून देता येईल का?"

"नाही. एकीची बदलली की सगळ्याच उभ्या राहतील."

"पण चूक माझी आहे. ती चिठ्ठी मीच..."

"कान मोडलास. पाहिलं मी," जमनाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मीही मोडत होते. सासुरवाशिणींसाठी. चल, सासूला विचारू काय म्हणते."

आयशाबीला विचारायचीच खोटी होती.

"मॅडम, तुम्ही शिकेल शेतस, मी काय बोलू? पन हाई झबलं कोन्हं शे, ते सांगा."

"कोणाचंच नाही," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेचं आहे."

"परीक्षाले लेकरू व्हस का?"

मॅडमनी ओठांतली टाचणी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. जमनाबाईंना मात्र हसू फुटलं, आणि इतका वेळ शाळेतलं मराठी बोलणाऱ्या बाई एकदम घरच्या बोलीवर आल्या. "मन्हा घरमा बी असंच शे, आयशाबी. पन पुस्तकमा लिखेल शे, सहा महिनानं बाळ."

"त्यानं नाव काय?"

"नाव नई."

"तेच ते!" आयशाबीने तस्बीह मुठीत आवळली. "बिननावनं कापड. ज्यानं नाव नई, त्यावर कोनी बी हक सांगस. मन्ही सून पोटुशी शे. ती कोन्हासाठे शिवी ऱ्हायनी, हाई वरला कसा समजी?"

दारात येऊन उभी राहिलेली अस्मा हळूच म्हणाली, "नाव असलं तर?"

तिघीही तिच्याकडे बघायला लागल्या.

"रिम्शाचं शिवलं तर? अम्मी, ती तर जन्मलेलीच आहे, तिला नव्या कापडाने काही होत नाही ना?"

रिम्शा म्हणजे आयशाबीच्या लेकीची लेक. सात महिन्यांची. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीमागच्या गल्लीत राहणारी. आयशाबीने डोळे मिटून हिशेब घातला, आकाशातल्या कुठल्या तरी कचेरीत चौकशी केल्यासारखा. मग म्हणाली, "रिम्शानं चाली. पन तिले आठे, वर्गमा आनो. मापं तिनंच लेवानं. पुस्तकनं नई."

जमनाबाईंनी प्रश्नपत्रिका वर-खाली वाचली. 'योग्य मापाचे झबले शिवा,' एवढंच होतं. "प्रत्यक्ष मापं घेतली तर कुठला नियम मोडतो? उलट हेच तर प्रात्यक्षिक," त्या म्हणाल्या. "वेळ मात्र वाढवून मिळणार नाही."

आयशाबीने मुलाला, कलीमला, फोन लावला. त्याने रिक्षा अशी आणली की रिम्शा उतरली तीच शिंकत आणि रागावलेली. टेबलावर तिला बसवून अस्माने टेप लावला, आणि मॅडमनी टेपवरचा आकडा दोनदा वाचला. पुस्तकातलं बाळ सडपातळ होतं. रिम्शा नव्हती. दूध, खिचडी आणि आजीचे लाड यांच्यावर ती चांगली बाळसं धरून बसली होती. परीक्षेचं कापड मात्र पुस्तकाच्या मापाने कापून आलेलं.

"पुरणार नाही," मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"दिपाली," जमनाबाई म्हणाल्या, "तू तिकडे जाऊन उभी राहा."

मॅडम तिकडे जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या पोरींची टकटक चालू होती. अस्माने कापड आडवं धरलं, उभं धरलं, घडी घालून पुन्हा उलगडलं. मग गळा कापून निघालेला तुकडा बाजूला ठेवला, त्याच्या दोन तिकोनी पट्ट्या केल्या आणि काखेखाली दोन्ही अंगांना जोडल्या. काखेत जोड द्यायचा हे पुस्तकात होतं, पण चोळीच्या पाठात. पोटाच्या अडचणीने ती मशीनला जरा तिरपी बसली होती. एक पाय पायडलवर आणि दुसरा बाहेर. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चाक फिरवायची. बाहेर कलीम रिम्शाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता आणि त्याची आई, पोरगी रडली की त्यालाच रागवत होती.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा अस्मा खालची पट्टी दुमडून शेवटची टीप घालत होती. जमनाबाईंनी दोरा स्वतः तोडला. झबलं उलटं केलं, जोड ताणून पाहिले, खिडकीत धरून टाके पाहिले. तोंडावर काही दिसेना.

"घाला पोरीला," त्या म्हणाल्या.

गळ्यातून डोकं जातं की नाही, इथे मॅडमनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा रिम्शा झबल्यात होती, हात हलवत होती, काखेत कुठे ओढत नव्हतं. जमनाबाईंनी पेन काढलं आणि मार्क लिहिले. "पास. नुसती नाही, चांगली पास."

"आता नमुना सील करून पेटीत ठेवायचा," कागद पुढे ओढत त्या नियमाने म्हणाल्या.

आयशाबी उठून उभीच राहिली. "पेटीमा? रिम्शानं कापड अंधारमा?"

वाद पेटणार इतक्यात रिम्शाने स्वतःच निकाल लावला. टेबलावरून एक बारीक धार खाली जमिनीवर गेली.

जमनाबाईंनी कागद सुरक्षित अंतरावर सरकवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "नमुना वापरून तपासला. ओला असल्याने जतन करता येत नाही."

"व माय," आयशाबी पोरीला उचलून म्हणाली, "मन्ही रिम्शा बी पास व्हयनी!" आणि पहिल्यांदाच तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, जसा बेतलेल्या कपड्यावरून फिरवतात.

"मॅडम, झालं ना आता?" अस्माने विचारलं. अजून खात्री पटत नव्हती.

"झालं," मॅडम म्हणाल्या. बोलताना त्यांच्या लक्षात आलं की टाचणी अजून ओठांतच आहे. ती काढून त्यांनी पदराला टोचली.

अस्माने चपला काढून सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर टाकले. वर्गात स्टुलावर पाय ठेवलेले दिपाली मॅडमना अजिबात खपत नसत. त्यांनी आणखी एक स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी बसून आपलेही पाय वर ठेवले.