माझ्यावरचं कडवं

"तुम्ही माझ्यावर कडवं का केलं नाहीत?"

मी विचारलं आणि हेल्काच्या हातातला वेलदोड्याचा पाव कॉफीत पडला. बाहेर ट्रक चालले होते. शेवटच्या वर्गाची मुलंमुली, कुणी अस्वल झालेलं, कुणी नवरी, घसा फाटेपर्यंत ओरडत रस्त्यावर खाऊच्या गोळ्या उधळत होती. आमच्याकडे फेब्रुवारीत हा दिवस येतो. तास संपतात, उरते ती फक्त परीक्षा. ट्रकवर चढण्याआधी सकाळी शाळेत एकेका शिक्षकावर कडवं रचून त्याच्या तोंडावर गातात. वर्षानुवर्षं सोसलेल्याची सगळी वसुली त्यात होते.

हेल्का आणि माइला माझ्या विद्यार्थिनी. पंचाहत्तरीला टेकल्या, तरी मला मुलीच वाटतात. हेल्काचं औषधांचं दुकान होतं, माइला टपाल वाटायची. दर वर्षी या दिवशी दोघी मला या कॅफेत कॉफीला घेऊन येतात.

"कसलं कडवं, बाई?" कपातला पाव चमच्याने काढत हेल्का म्हणाली.

"वेड पांघरू नकोस. तुमच्या वर्षी गणिताच्या बाईंवर झालं, हेडबाईंच्या शिंकांवर झालं. शिपायाच्या मांजरावरसुद्धा झालं. भूगोलाच्या बाईंवर काही नाही."

"अगं बाई! अजून लक्षात ठेवलंत?"

"मग? मांजरापेक्षा गयीगुजरी झाले की मी!"

दोघी हसल्या. मी हसले नाही, कारण ते मला खरंच लागलं होतं. सारी नोकरी मी मुलींच्या त्या एकाच शाळेत केली आणि सगळ्यात जास्त जीव लावला तो याच वर्गाला. काय मुली होत्या! ओल्या लोकरी मोज्यांचा वास घेऊन आत शिरायच्या आणि प्रश्नांनी मला भंडावून सोडायच्या. बर्फाखाली मासे झोपतात का? ध्रुवावर उभं राहिलं तर घड्याळात किती वाजलेत म्हणायचं? मला उत्तर येत नसलं तर मी सरळ सांगायचे, ठाऊक नाही, चला बघू या. एकदा अख्खा वर्ग तळ्यावर नेला, बर्फाला भोक पाडलं आणि दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली. परतलो तेव्हा हेडबाई दारातच उभ्या होत्या. मला बोलणी बसली, पण पुढचा आठवडाभर मुली दुसरं काही बोलत नव्हत्या.

असल्या मुलींना माझ्यात हसण्यासारखंही काही सापडू नये? त्यांच्या लेखी मी नकाशाच्या काठीइतकीच होते की काय? दर वर्षी विचारायचं ठरवायचे आणि दर वर्षी कॉफीबरोबर गिळून टाकायचे. या वर्षी म्हटलं, आता नाही तर कधी?

हेल्काने माइलाकडे पाहिलं. "सांगून टाक गं. आता तर सरही गेले."

माइला पुढे सरकली. "केलं होतं, बाई. सगळ्यात झकास तेच जमलं होतं."

"कशावर?"

"खिडकीवर."

माझा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

मंगळवारी आणि शुक्रवारी ताउनो हिर्वोनेन सर आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला यायचे. एरवी ते तळ्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत असत. हिवाळ्यात ते गोठलेल्या तळ्यावरून स्की करत यायचे. आधी नुसता ठिपका दिसायचा, मग टोपी, मग दाढीत साठलेलं बर्फ. त्या दोन्ही दिवशी पहिल्या तासाला मी खिडकी उघडायचे. ताजी हवा हवी, मुलींनो! बाहेर उणे वीस. माझी समजूत अशी, की कुणाला काही कळत नाही.

"आम्ही कुडकुडून मरायचो," हेल्का म्हणाली. "सोमवारी आणि बुधवारी मात्र हवा शिळी असली तरी चालायची."

"आगाऊ होतीस, आगाऊच राहिलीस. मग गायला काय धाड भरली होती?"

"तालीम प्रयोगशाळेत चालली होती," माइला म्हणाली. "सर दारात कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. वाटलं, आता आपली खैर नाही. पण ते रागावले नाहीत. टोपी हातात धरून म्हणाले, 'एवढं एक गाऊ नका, पोरींनो. बस असताना मी स्कीवरून का येतो, ते गावभर होईल. बाईंना मी स्वतः सांगणार आहे.'"

मी रिकाम्या कपात चमचा ढवळत राहिले.

"आम्ही वचन दिलं. मग आम्ही परीक्षा देऊन बाहेर पडलो. पानगळीत कळलं, सर बदली मागून उत्तरेला गेले. आम्ही समजलो, त्यांनी विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. म्हणून कधी विषयच काढला नाही."

"मला कुणी काही विचारलं नाही," मी म्हटलं.

दोघींची तोंडं उतरली. हेल्काने माझा हात धरला. सर गेल्याची बातमी मागच्या पानगळीत पेपरात आली होती, खाली फक्त पुतण्याचं नाव होतं. ती वाचून मी दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

बस! बस होती हे मला चांगलं माहीत होतं, शाळेच्या दारातच थांबायची. मासे झोपतात का याचं मला कुतूहल, ध्रुवावरच्या घड्याळाचं कुतूहल. आणि हा माणूस उबदार बस सोडून असल्या थंडीत बर्फावरून का येतो, हे मात्र मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही बराच वेळ थांबेना.

"म्हणा," शेवटी मी म्हटलं.

"इथे, बाई?"

"इथेच."

दोघींनी डोकी जवळ आणली. आवाज चिरके, पण चाल पक्की होती.

"मंगळवारी, शुक्रवारी खिडकी उघडी राही,
वर्ग सारा कुडकुडे, बाईंना थंडी नाही!
जगातले सगळे देश टांगले भिंतीवरी,
बाईंची नजर तळ्यावरच्या एका ठिपक्यावरी!"

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघू लागलं. हेल्का डोळे पुसत होती.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "शेवटची ओळ नीट ऐकू आली नाही."

दोघींनी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने. मला पहिल्या वेळीही ती नीटच ऐकू आली होती.