मैत्री स्टेजवर थांबली तेव्हा

मी एक जुना काळा गाऊन आहे, मित्रांनो. वकिलांच्या अंगावर असतो तसला नव्हे. पाच वर्षांच्या मुलाला घोट्यापर्यंत येईल, एवढासाच. धायरीतल्या एका बालवाडीची मुलं पहिलीत जायला निघाली की त्यांचा ‘ग्रॅज्युएशन डे’ होतो. त्या एका सकाळी आमचा केवढा थाट असतो म्हणून सांगू! बाकी वर्षभर आम्ही पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं पडून असतो.

माझा जन्म धायरी गावठाणात, सरुबाईंच्या शिलाई मशिनवर झाला. बालवाडीनं वीस गाऊन सांगितले होते. एकोणीस शिवून झाले आणि कापड सरलं. सरुबाईंनी उरलेले तुकडे जमिनीवर पसरले, जरा वेळ कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यो जरा आखूड हुईल. हुंदे. एखादं ल्हान पोरगं असतंयच की वर्गात.” अशा रीतीनं पाठीत जोड घेऊन मी तयार झालो. तेव्हापासून दर वर्षी वर्गातलं सगळ्यांत लहान मूल माझ्या वाट्याला येतं. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. लहान मुलं गाऊनला फार घट्ट धरून ठेवतात.

पहिल्या वर्षीचा मुलगा स्टेजवर जाण्याआधीच माझ्यात झोपून गेला. दुसऱ्या वर्षीच्या मुलीनं माझी कॉलर चघळून चघळून ओली केली. तरीही टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि एक आजोबा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, “आत्ताच पदवी दिलीत, मग दहावीला काय डॉक्टरेट देणार का?” सगळे हसले. आजोबांनी स्वतःच्या नातवाचे मात्र चाळीस फोटो काढले.

पण मित्रांनो, मला सांगायचं आहे ते द्वारकामावशीबद्दल. ती वाशीमकडची. लग्न होऊन नवऱ्यासोबत पुण्यात आली आणि आमच्या बालवाडीत कामाला लागली. मुलांचे डबे उघडून देणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवणं, सगळं तिच्याकडे. ग्रॅज्युएशनच्या आधी आम्हा विसांना ती धुवायची, इस्त्री करायची. समारंभाच्या दिवशी पडद्यामागे उभी राहून प्रत्येकाला गाऊन चढवायची, टोपीचा गोंडा सरळ करायची आणि पाठीवर हलकी थाप देऊन म्हणायची, “जाय बापू, घाबरू नको.” समोरून टाळ्यांचा आवाज यायचा. समोर काय दिसतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग कोरोना आला आणि शाळा बंद झाल्या. दोन वर्षं ट्रंकेचं झाकण उघडलं नाही. मला कसर लागली, खांद्याला भोक पडलं. शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुख्याध्यापिका नम्रताबाईंनी मला दोन बोटांत धरून पाहिलं. “द्वारका, हा फरशी पुसायला घे.” द्वारकामावशी हो म्हणाली आणि मला पिशवीत घालून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी रफू होऊन परत आलो. नम्रताबाईंनी चष्मा वर करून खांदा तपासला आणि म्हणाल्या, “फरशीचं नशीबच खोटं दिसतंय.” नम्रताबाईंचं कौतुक असंच असतं. ते समजून घ्यावं लागतं.

द्वारकामावशीला एक मुलगी होती, मैत्री. घरी सांभाळणारं कोणी नाही, म्हणून मावशी तिला सोबत आणायची. ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून वर्गातली गाणी ऐकत राहायची. एके दिवशी नम्रताबाई दाराशी आल्या. आत मैत्री एकटीच हातवारे करत गाणं म्हणत होती.

“द्वारका, हिला उद्यापासून वर्गात बसव.”

“बाई, तिथं मोठ्या घरची लेकरं...”

“दाराला गाणी शिकवून दाराचा काय फायदा? वर्गात बसव म्हणते ना.”

मैत्री वर्गात बसली. तीन वर्षं झाली आणि यंदा तिचं ग्रॅज्युएशन आलं. वर्गात सगळ्यांत लहान चणीची तीच. म्हणजे मी तिचाच!

या वेळी मावशीनं मला धुतलं ते काही निराळंच. हात तेच, पण ती मध्येच थांबायची आणि उगीचच हसायची. नम्रताबाईंनी तिला बजावलं होतं, “यंदा तू मुलीची आई आहेस. समोर बसायचं. आत मी दुसऱ्या बाई सांगितल्यात.”

समारंभाच्या सकाळी द्वारकामावशी लग्नातली मोरपंखी साडी नेसून आली. तिचा नवरा साईनाथ कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट हॉलवर पोचला होता. त्यानं दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या आणि बायकोच्या खुर्चीवर रुमाल टाकला. पण दुसऱ्या बाईंना ताप आला, त्या आल्याच नाहीत. पडद्यामागे वीस मुलं, वीस गाऊन आणि दोन तरुण शिक्षिका. कोणाची टोपी हरवलेली, कोणाला आई हवी, कोणाला शी लागलेली. कोणीही बोलावलं नाही. द्वारकामावशीनं नुसता पडदा बाजूला करून पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि आत आली.

साईनाथ पडद्याशी येऊन हळूच म्हणाला, “अवं, ये ना. लोकं खुर्ची मागून राहिले.”

“आली, आली. एवढ्या टोप्या लावून देते.”

पण टोप्या काही संपेनात. मैत्रीला मला चढवताना मावशीनं माझं बटण लावलं. “तू स्टेजवर गेली का मी तिथं समोर असन,” ती म्हणाली. मैत्रीनं मान हलवली.

नावं सुरू झाली. मैत्रीच्या आधी दोनच मुलं उरली होती. मावशी बाहेर जायला वळली, आणि तेवढ्यात विश्वजीत नावाचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला तिला दिसला. भीतीनं त्याची चड्डी ओली झाली होती, गाऊनही भिजला होता. तो आवाज न करता रडत होता. बाकी मुलांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं असतं तर ती हसली असती, आणि विश्वजीतला तो दिवस जन्मभर तसाच आठवला असता. मावशीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग त्याला उचललं आणि न्हाणीघरात घेऊन गेली.

“मैत्री साईनाथ! आईबाबांनी स्टेजवर यावं.”

मैत्री आणि मी स्टेजवर आलो. साईनाथ आला. दिवे, फुगे, मोबाइल. नम्रताबाईंनी प्रमाणपत्र पुढे केलं. मैत्रीनं रांगांवरून नजर फिरवली. दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर रुमालच होता. तिनं दोन्ही हात माझ्या बाह्यांत आत ओढून घेतले.

“घे बाळा,” नम्रताबाई म्हणाल्या.

“आई आत आहे. ती आली की घेते.”

माइक जवळच होता. सगळ्या हॉलनं ते ऐकलं. कोणीतरी हसलं. एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, “अहो, पुढचं नाव घ्या ना, उशीर होतोय.” मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. तशीच उभी राहिली.

नम्रताबाईंनी माइक हातात घेतला. “उशीर होतोय खरा,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली. इथल्या प्रत्येक मुलाचं बटण जिनं लावलंय, तिला आपण एकदाही समोर बोलावलेलं नाही. अजून पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.”

आणि मग पडद्यामागच्या मुलांनीच हाका मारायला सुरुवात केली. “मावशी! द्वारकामावशी!” हॉलमधली आधीच पदवीधर झालेली मुलंही आईबापांच्या मांडीवरून ओरडू लागली, आणि एकेक करत सगळा हॉल उठून उभा राहिला.

द्वारकामावशी आली. हात ओले, पदर खोचलेला, अंगावर साबणाच्या पाण्याचे डाग. एवढे लोक उभे का राहिलेत, ते तिला समजेना. मैत्रीनं बाह्यांतून हात बाहेर काढले, प्रमाणपत्र घेतलं आणि आईच्या ओल्या हातात दिलं. “भिजंन ना गं,” मावशी पुटपुटली आणि तिनं ते साईनाथकडे सोपवलं. मग लेकीला छातीशी धरलं. मी दोघींच्या मध्ये चुरगळलो. इतक्या वर्षांत इतका चांगला कधी चुरगळलो नव्हतो.

फोटो झाल्याबरोबर ती पुन्हा आत गेली. मैत्रीच्या अंगातून मला काढलं आणि कोरड्या चड्डीत उभ्या असलेल्या विश्वजीतला घातलं. मी त्याला फार आखूड झालो. पण तो ताठ चालत गेला आणि हसत परत आला. समोर कोणालाही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या शाळेत मावशीनं आम्हाला धुतलं. वाळल्यावर घडी घालण्याआधी तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या बाहीत स्वतःचा हात घातला. तो कोपरापर्यंतच गेला. तेवढ्यावरही ती खिडकीच्या काचेत स्वतःला बराच वेळ बघत राहिली.

मित्रांनो, कापड जुनं झालं म्हणून टाकू नका. धुवा, सांधा, घडी घालून ठेवा. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. कधीतरी तुमचंही नाव पुकारलं जाईल, टाळ्या पडतील. तेव्हा एकदा मागे वळून बघा. तिथे कोणीतरी ओल्या हातांनी उभं असेल. त्यांना पुढे बोलवा. यायला वेळ लागला, तर थांबा.