बर्ड ऑफ पॅराडाइजची चोच

चोचीवरून ओघळ खाली देठापर्यंत आला होता. लाल, चिकट, मध्येच सुपारीचा चोथा. मी पाण्याची बादली खाली ठेवली आणि वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत धर्मराज उभा होता, तोंडात अजून पानाचा तोबरा.

"धर्मराज, खाली ये."

"काय झालं काका?" त्यानं वरूनच विचारलं.

"तुझी पिंक फुलावर पडलीय."

"फूल कुठाय? नुसती पानंच तर आहेत. केळीसारखी."

सगळी नोकरी मी स्वच्छता निरीक्षक म्हणून काढली. तुंबलेली गटारं बघितली, मासळी बाजाराच्या मागची कचराकुंडी बघितली, कधी नाकाला रुमाल लावला नाही. ती घाण बिचारी आपल्या जागी असते. पण इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जाणारा माणूस स्वतःच्या घरातून दुसऱ्याच्या दारात थुंकतो, त्याची मला अजून शिसारी येते. आशालता म्हणते, "तुमचं लग्न माझ्याशी नाही, फिनेलशी झालंय." म्हणू दे.

झाड तिचं. बर्ड ऑफ पॅराडाइज. कर्नाळ्याकडे जाताना रस्त्यावरच्या नर्सरीतून तिनं हौसेनं आणलं आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर लावलं. पक्ष्याच्या तुऱ्यासारखं केशरी फूल येतं म्हणे. म्हणे, कारण आमच्याकडे कधी आलंच नाही. मग तिला काचबिंदू झाला. नजर चहूबाजूंनी आवळत गेली, आता मध्ये एक गढूळ गोल तेवढा उरलाय. तोही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून झाडाचं सगळं मी बघतो. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, सांध्यात बसलेली पांढरी कीड कापसाच्या बोळ्यानं काढायची, मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. वरून पडलेले केसांचे गुंतवळ, अंड्यांची टरफलं, एकदा तर भरलेलं डायपर, तेही मीच उचलायचं. उचलताना मी अख्ख्या बिल्डिंगला शिव्या घालतो, आणि मनातल्या मनात नव्हे.

यंदा थंडीत चोच आली. हिरवी, आडवी, घट्ट मिटलेली. तिच्यातूनच फूल निघतं. रोज सकाळी आशालता खिडकीशी खुर्ची ओढून बसते.

"उघडली का हो?"

"नाही अजून."

"लवकर उघड म्हणावं. मला घाई आहे."

हे ती हसत म्हणते. मला हसू येत नाही.

आणि नेमका त्याच चोचीवर हा प्रकार. मी तांब्या भरून घेतला, एक हात चोचीखाली धरला, श्वास रोखला. ओतणार तेवढ्यात आमच्या खिडकीतून आशालताची हाक आली; ती आत्ताच खुर्ची ओढून बसली होती.

"अहो, आलं ना?"

"काय आलं?"

"फूल. मला लालसर दिसतंय. केशरीच असेल ना ते?" तिनं गजांना कपाळ टेकवलं होतं. "मध्ये उभे राहू नका. बाजूला व्हा जरा."

मी बाजूला झालो. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की बाई, तू बघतेस ती धर्मराजची थुंकी आहे?

"सांगा ना, आलं ना?"

"आलं," मी म्हटलं.

"मग वरून पाणी नका घालू. नाजूक असेल."

तांब्यातलं पाणी मी मुळाशी ओतलं. ती बघत राहिली. इतकं खूश मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझ्या बोटांना ते चिकट लागलं होतं; तो हात मी पाठीमागे धरला.

थोड्या वेळानं धर्मराज पाण्याची बाटली घेऊन खाली आला. चूळ भरून आला होता. बायकोनं झापलं असावं.

"सॉरी काका. सरका, मी धुतो," तो ओशाळून पुटपुटला.

"हात लावू नकोस," मी हळू आवाजात म्हटलं.

"अहो, साफच करतोय. तुम्हीच तर ओरडत होता."

"कळलं. घरी जा."

मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघत तो वर गेला.

ऊन चढलं तशा माशा आल्या. आशालता खिडकीतून हलली नव्हती; जेवायचं नंतर बघू म्हणाली. मी घरातून कालचा पेपर आणला, त्याची घडी केली, आणि तिच्या नजरेच्या आड येणार नाही असा एका बाजूला उभा राहून चोचीवरच्या माशा वारत राहिलो.