पुसलेल्या फुल्या

मास्तरांच्या हातचा कपडा ओळखायचा असेल तर तो उलटा करून बघावा, असं नाटक कंपनीत म्हणत. अस्तराच्या आतसुद्धा खडूची रेघ सापडायची नाही. शिवण घातली की मास्तर आधी अंगठ्यानं आणि मग ब्रशनं एकूण एक खूण झाडून काढत. "घालणाऱ्याला कपडा दिसावा," ते म्हणत, "आपली आखणी दिसू नये."

त्यांची बायको त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होती. बावीस वर्षं ती विंगेत एका लाकडी स्टुलावर बसली. मांडीवर नाटकाची वही, कानामागे पेन्सिल. नट अडला की त्याला नेमका पुढचा शब्द द्यायचा, तोही असा की पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ नये. सगळे तिला कुजबुजताई म्हणत. घरी मात्र तिचा आवाज जिना उतरून खालच्या मजल्यापर्यंत जायचा. "अहो, दिवसभर कुजबुजते मी. उरलेला आवाज ठेवू कुठे?" असं वर विचारायची.

घरात दोघांचं एक ठरलेलं होतं. तिनं त्यांच्या कात्रीनं कागद कापायचा नाही आणि त्यांनी तिच्या वहीला हात लावायचा नाही. तिच्या हयातीत दोघांपैकी कुणीही ते मोडलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. मागे मास्तर राहिले आणि मुलगी.

मुलीला नटी व्हायचं होतं. हे खूळ नव्हतं. सहा वर्षं ती हातात भाला धरून, डोक्यावर घागर घेऊन, गर्दीत तिसरी उभी राहून कामं करत होती. कंपनीत कायमची नटी म्हणून घेतात ती निवड तीन वर्षांतून एकदा व्हायची, आणि पंचविशीच्या पुढच्यांना उभंच करत नसत. मुलगी चोवीस वर्षांची होती. म्हणजे ही एकच संधी.

आईनं दवाखान्यातल्या खाटेवर तिची तयारी सुरू केली होती. जुन्या नाटकातलं एक लांब स्वगत निवडलं होतं. घर सोडून गेलेल्या भावाशी बहीण बोलते, असं. तोंडात शब्द येईनासा झाला तेव्हासुद्धा आई बोटानं चादरीवर ताल धरायची. पहिल्या अंकातलं ते स्वगत पुरं झालं. दुसऱ्या अंकापर्यंत त्या दोघी पोचल्याच नाहीत.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात मास्तरांनी कपाट आवरलं. तिथे त्यांना त्याच नाटकाची तिची वही सापडली. पाठ उसवलेली, कोपरे दुमडलेले, पानं सुटायला आलेली. करार आठवून त्यांचा हात जरा थबकला. पण आता करार कुणाशी? मुलीला काहीतरी द्यावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि त्यांना देण्यासारखं एकच येत होतं. त्यांनी पानं नीट जुळवली, जाड दोऱ्यानं शिवली, पुठ्ठ्याला निळं सॅटिन चढवलं. आत पाहिलं तर पानोपानी पेन्सिलीच्या बारीक फुल्या. इथे एक, तिथे दोन. मास्तरांना वाटलं, ही तिची आखणी. काम झालं, आता झाडून द्यावी.

दोन दुपारी ते खोडरबर घेऊन बसले. इतक्या हलक्या हातानं की कागदाला चरा पडला नाही. पानं नव्यासारखी झाली.

निवडीच्या आदल्या दिवशी त्यांनी वही मुलीच्या हातात दिली. मुलीनं सॅटिनवरून हात फिरवला, वही नाकाशी नेली आणि न उघडताच पिशवीत ठेवली. तिला सगळं पाठ होतं. वही लागणार होती ती मैत्रिणीला. आई गेल्यापासून कंपनीला नवा प्रॉम्प्टर मिळाला नव्हता, म्हणून निवडीला येणाऱ्यानं आपला माणूस आणायचा असं सांगितलं होतं. मैत्रिणीच्या घरीच मुलीची उजळणी चालायची. घरी, आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर, तिला जमत नसे.

सकाळी मैत्रिणीचा फोन आला. घसा असा बसला होता की फोनवर नुसती हवा ऐकू येत होती.

"प्रॉम्प्टर आणि आवाज नाही," मुलगी हसल्यासारखं करत म्हणाली. "बाबा, तुम्ही बसाल?"

"मी? अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाहीये. वाचता येतं ना? मग झालं."

अकरा वाजता ते विंगेत उभे होते. रंगमंचावर आधीची मुलगी रडत काहीतरी म्हणत होती. खाली अंधारात दिग्दर्शक आणि आणखी दोघं बसले होते. मुलीनं वही पिशवीतून काढून वडिलांच्या हातात दिली आणि भराभर सांगितलं.

"नीट ऐका. मी गप्प झाले की आधी पानावर बघायचं. तिथे आईची फुली असेल तर मी मुद्दाम थांबलेय. अजिबात बोलायचं नाही. फुली नसेल तर मी विसरलेय. तीन मोजायचे आणि पुढचा शब्द द्यायचा. हळू. बास, एवढंच."

मास्तरांनी वही मिटूनच धरली. "फुली म्हणजे..."

"फुली म्हणजे गप्प बसा! आईची सगळी कला त्या फुल्यांत होती, बाबा. शब्द काय, कुणीही देईल."

तिचा नंबर पुकारला गेला. सांगावं की सांगू नये? सांगितलं तर ती इथेच कोलमडेल. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी उजेडात गेलीसुद्धा.

ते बायकोच्या स्टुलावर बसले. वही उघडली. स्वच्छ, पांढरीशुभ्र पानं. त्यांनी मनाशी ठरवलं, आपण बोलायचंच नाही. तिला पाठ आहे. ती अडणार नाही.

मुलगी बोलायला लागली आणि मास्तर बघतच राहिले. घरात डबा कुठे ठेवला म्हणून ओरडणारी ही पोरगी नव्हतीच. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा ते मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. मग ती इतक्या हळू बोलली की अंधारातल्या एकानं हातातलं पेन खाली ठेवलं. ती दुसऱ्यांदा थांबली. तिसऱ्यांदा. दर वेळी ती गप्प होई आणि तो गप्पपणाच काहीतरी सांगून जाई. मास्तरांना पहिल्यांदाच उमगलं की बायको बावीस वर्षं त्या स्टुलावर बसून काय करत होती.

"मी हाक मारली नाही," मुलगी म्हणाली, "कारण..."

आणि थांबली.

वाक्य असं होतं की इथे कुणीही थांबेल. मास्तरांनी मोजलं. चार, पाच, सहा. मुलीची मान सावकाश विंगेकडे वळली. मास्तरांना वाटलं, हेही शिकवलेलंच असणार. नऊ, दहा. तिचे डोळे त्यांच्यावर होते. पुढचे शब्द त्यांच्या बोटाखाली होते: हाक मारली असती तर तू थांबला असतास. त्यांना ते स्पष्ट दिसत होते. ते गप्प बसले.

"धन्यवाद," अंधारातून दिग्दर्शकाचा आवाज आला. "पुढचं नाव घ्या."

कपडेपटाच्या खोलीत मुलगी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तिथे फुली होती?"

"हो," मास्तर म्हणाले. शब्द आपसूकच बाहेर पडला.

"कारणच्या पुढे?"

"हो. होती."

मुलीनं कपाळावर मूठ टेकली. "म्हणजे आईचंच चुकलं. दवाखान्यात गोळ्यांच्या गुंगीत चुकीच्या जागी घातली असणार. बावीस वर्षांत एक फुली चुकली नाही तिची, आणि चुकली ती माझ्याच वेळेला."

हे मात्र मास्तरांना सोसवेना. आपल्यावर काहीही येवो. पण जी उठून बोलू शकत नाही तिच्यावर?

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "फुली नव्हती तिथे. कुठेच नाहीत. मी पुसल्या."

"काय पुसल्या?"

"फुल्या. मला वाटलं, खुणा आहेत. झाडून द्याव्यात."

मुलीनं वही ओढून घेतली आणि खिडकीशी नेली. एकेक पान उलटलं, उजेडात तिरकं धरून पाहिलं. आपली संधी गेली हे ती जणू विसरली होती.

"एकही नाही?"

"माझ्या हातून खूण राहत नाही," मास्तर म्हणाले. एरवी हेच ते छाती काढून सांगत.

"दुसऱ्या अंकातल्या मला माहीतही नव्हत्या, बाबा. पहिल्या अंकातल्या तरी माझ्याजवळ आहेत. दुसऱ्यातल्या आता कुठून आणू?"

शेवटून चौथ्या पानाला तिचं बोट थांबलं. दोन पानांच्या मध्ये, शिवणीत दबलेली, अर्धी फुली दिसत होती. तिथवर खोडरबर पोचला नव्हता. मास्तरांनी पटकन ब्लेड घेतलं. "थांब, उसवतो. आख्खी दिसेल."

"नको." तिनं वही छातीशी धरली. "तुम्ही हात लावू नका."

दुपारी मास्तर दिग्दर्शकाच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दिग्दर्शकानं त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"मास्तर, चूक कुणाची ते प्रेक्षक विचारत नाहीत. अडली तर अडली. काहीतरी बोलून पुढे जायला हवं होतं. ती विंगेकडे बघत राहिली." त्यानं निवडीची यादी बाजूला सारली. "कुजबुजताई असत्या तर मीच तिला घेतली असती. पण त्या नाहीत. विंगेकडे बघून नटीचं किती दिवस चालेल?"

मास्तर पाणी तसंच ठेवून उठले.

दोन महिन्यांनी मुलीला गावोगाव फिरणाऱ्या एका मुलांच्या नाटक मंडळीत काम मिळालं. अस्वलाचं. पूर्ण मुखवटा, अंगभर केस, एकही वाक्य नाही. "विसरायची भीती नाही," ती म्हणाली. मास्तर हसले नाहीत.

अस्वलाचा पोशाख त्यांनीच शिवला. मापं घेताना दोघं मोजकंच बोलली. हात वर कर. वळ. घट्ट होतंय? सगळं झाल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. आत, डाव्या बाजूला अस्तरावर त्यांनी खडूनं एक फुली काढली. ती तशीच राहू दिली.

जायच्या दिवशी मुलीनं पोशाख उलटा करून पाहिला. लहानपणापासून त्यांच्या टेबलाखाली खेळलेली ती. तिला सवयच होती. फुली दिसताच तिनं अंगठा फिरवला, फुंकर मारली आणि पोशाख घडी करून पेटीत घातला.

"एक खूण राहिली होती, बाबा," ती म्हणाली. "काढली मी."