पॉलिनचा मास्क

आमचे हे दर रविवारी गॅलरीत सागवान घासत बसतात. दहा वर्षं ओरडतेय, लाकडाची धूळ छातीत जाते, निदान रुमाल तरी बांधा. ऐकतंय कोण! खालच्या मजल्यावरच्या पॉलिनने भावाकडून कुवेतहून मास्क मागवला. "सदानंद, छाती सांभाळा," म्हणाली. सरळ नावाने! यांनी लगेच तोंडावर चढवला. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

मागच्या रविवारी मी तो मास्क माळ्यावर लपवला. हे तसेच घासत राहिले आणि आठवडाभर खोकत राहिले. मला ऐकवेना. शेवटी मास्क खाली काढला, तिचं ते इलॅस्टिक कापून फेकलं आणि माझ्या परकराची नाडी शिवली.

आता दर रविवारी मागची गाठ मी मारते. जरा घट्टच.