ओल्या हाताचं कासव

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! यातला शब्द न् शब्द खरा आहे. मध्ये कुणी दात काढायचे नाहीत.

एक कारागीर होता. चढायच्या भिंतीवर हातापायाला धरायला पकडी असतात ना, त्या घडवायचा. या खेपेला त्याच्याकडे सबंध समुद्रच मागितला होता. कासवं, शिंपले, तारामासे, आणि हात लागला की प्रत्येकाच्या पोटातला दिवा लागला पाहिजे. पकडीला हात कळेपर्यंत तो मागून बारका स्क्रू पिळायचा, बायको पुढून हात टेकून बसायची. दिवा पेटला की "लागला!" म्हणून ओरडायची. झालं, ती पकड पक्की.

आता त्या बाईच्या तळहातांना घाम असा, की तिनं शेकहँड केला तर समोरच्याला बाही पिळावी लागे. तो तिला 'नळ' म्हणायचा. "नळ सोडा रे!" अशी हाक गेली की ही हजर.

भिंत उभी राहायच्या आधीच नळ आटला. साधा ताप, आणि बघता बघता गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चढणारी पोरं आली. घसरू नये म्हणून हाताला पांढरी पावडर चोळलेली, हात कोरडे ठक्क. वर गेली, खाली आली. एक दिवा लागेल तर शपथ!

"भावोजी, वायरी ठीक आहेत," मेहुणी म्हणाली. वायरींचं काम तिचंच. "सगळं ताईच्या हातावर लावून ठेवलंय तुम्ही. कोरडा हात यांना कळतच नाही."

"कळेल हळूहळू."

"नवी सून आहे का ती, हळूहळू रुळायला? उद्या लोक येणार. स्क्रू फिरवा."

"फिरवला की तिचा हात गेला गं."

"माझीही बहीणच होती," एवढं म्हणून मेहुणी चहा आणायला निघून गेली.

तो तळातल्या कासवापाशी बसला. हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. "अरे, मी घडवलं तुला!" म्हणाला, आणि जे रडू कोसळलं ते कोसळलंच. शेवटी हातांनी तोंड पुसलं, उठायला म्हणून कासवावर हात टेकला.

लख्खकन निळा दिवा!

त्यानं हात काढला, परत टेकला. परत निळा. तेव्हा त्याला उमजलं. कासवानं तिला कधी ओळखलंच नव्हतं. त्याला पाणी लागत होतं, मग ते कुणाचंही असो.

मेहुणी आली तोवर तो भिंतीमागे गेलेला. "हाताला पावडर लाव," आतून म्हणाला. ती एकेक पकड धरत गेली, तो पिळत गेला. "लागला," ती म्हणायची. आवाज थेट ताईचा. तो मागे प्रत्येक वेळी जरा थांबायचा.

फक्त तळातलं कासव त्यानं तसंच ठेवलं. रडून आलेल्या माणसाच्या हातालाच ते उजळतं.

बरं, असं बघू नका माझ्याकडे. तेवढं कासव मी पदरचं घातलंय. त्यानं तेही फिरवलं. सगळ्यात आधी तेच.